मेस्त्र्यांची वही

मेस्त्री गेले ते २०२२ च्या जुलैत. भर पावसात, मासेमारी बंदीच्या दिवसांत. बंदरावरच्या होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या होत्या. त्यामुळे त्यांना पोचवायला तांडेल, खलाशी, जाळी विणणारे, बर्फवाले असे सगळेच हजर होते. हंगामात गेले असते तर निम्मे लोक दर्यात असते. स्मशानातून परत येताना कुणीतरी म्हणालं, "मेस्त्र्यांनी जाताना पण कोणाचो खाडो होवंक दिल्यानी नाय." लोक हसले आणि मग गप्प झाले, कारण ते खरंच होतं. पन्नास वर्षं त्यांनी हेच केलं होतं, कुणाचा खाडा होऊ द्यायचा नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी बंदरावरच्या निम्म्या माणसांना ते कळायचं नाही. रेशनकार्डावर एक नाव होतं, देवळाच्या वर्गणीच्या पावतीवरही तेच होतं, पण हाक एकच, मेस्त्री. आमच्याकडे सुतार मेस्त्री, गवंडी मेस्त्री, लोहार मेस्त्री असतात. तरी दांडीपासून सर्जेकोटपर्यंत कुणी घाईघाईने "मेस्त्र्याक बलवा" म्हटलं, की कुठला मेस्त्री हे विचारावं लागत नसे. मशीन बंद पडलेलं असायचं.

मशीन म्हणजे होडीचं इंजिन. आमच्या किनाऱ्यावर त्याला इंजिन म्हणणारे थोडे. आज त्याचा आवाज इतका कानात बसलाय की तो नव्हता असा काळ होता, हे पोरांना सांगूनही पटत नाही. पण तो काळ फार जुना नाही. माझ्या वडलांनी पाहिलेला आहे.

तेव्हा दर्यावर सगळी सत्ता वाऱ्याची. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलय वाऱ्यावर शीड भरून बाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी यायचं. वारा पडला की वल्ही. मालवणचं बंदर खडकांनी वेढलेलं. किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली दडलेले खडक तांडेलाला तोंडपाठ असावे लागत. ज्याला खडक पाठ आणि वारा ओळखीचा, तो तांडेल. कितीही ताकदीचा असला तरी माणूस वल्ह्याने जाऊन जाऊन किती लांब जाणार? त्यामुळे मासेमारी किनाऱ्याच्या नजरेतच चाले. यांत्रिक शक्ती आम्हाला माहीत होती ती फक्त आगबोटीची. मालवणात 'बोट' म्हटलं की ती मुंबईची आगबोट. ती धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जायचे. आमच्या होड्या त्या होड्याच.

मशीन आमच्याकडे आलं ते सरकारी कागदांतून. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर, नींडकरा भागात, मच्छीमारांच्या होड्यांना डिझेल इंजिन बसवण्याचे प्रयोग सुरू झाले. त्याच दशकात मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यानेही होड्यांचं यांत्रिकीकरण हाती घेतलं. सहकारी सोसायट्या निघाल्या, कर्जं आणि अनुदानं आली. उत्तरेकडच्या, मुंबई-ठाण्याच्या बाजूच्या कोळ्यांनी मशीन आधी घेतलं. आमच्या दक्षिण कोकणात ते हळूहळू सरकत आलं. त्यातच सुंगटांना परदेशात भाव आला. जी सुंगटं आम्ही सुकवून सोडे करायचो, ती बर्फात घालून बाहेर जायला लागली, आणि कर्ज काढून मशीन घ्यायला लोकांना धीर आला.

पण कर्ज देणाऱ्याने एका गोष्टीचा विचार कमी केला होता. शीड फाटलं तर घरची बाई सुई-दोऱ्याने शिवते. वल्हं मोडलं तर सुतार दुसरं करून देतो. मशीन बंद पडलं तर? ज्याने ते विकलं तो पुण्या-मुंबईला. आणि मशीन बंद पडतं ते बंदरात नव्हे, बाहेर.

या भोकात मेस्त्री नेमके बसले.

ते १९४५ च्या आसपास जन्मलेले. चौथीपर्यंत शाळा, मग वडलांबरोबर होडीवर. पंधराव्या वर्षी बोटीने मुंबईला गेले ते माझगावच्या एका कारखान्यात पोऱ्या म्हणून लागले. तिथे लाँचींची इंजिनं दुरुस्तीला येत. पहिली दोन वर्षं त्यांनी फक्त सुटे भाग रॉकेलमध्ये धुतले. ते सांगायचे, "धुताना बगी, ह्यो तुकडो खयसून इलो, आणि झिजलो तो खय. झिजलेल्या जागेर सगळी हकीकत लिहिलेली असता." बारा वर्षं मुंबईत काढून १९७२ साली ते परत आले ते एक लोखंडी पेटी घेऊन. पेटीत पाने, पक्कड, छिन्नी, फिलर गेज आणि एक हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर. वडलांच्या घराशेजारी माडाखाली पत्र्याची खोप घातली. तोच त्यांचा कारखाना, शेवटपर्यंत.

तो लांब स्क्रू-ड्रायव्हर त्यांचा स्टेथोस्कोप. चालू मशीनच्या अंगावर त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. एकेका सिलिंडरपाशी, पंपापाशी, बेअरिंगपाशी असं ऐकत जायचं. नुसत्या कानाला सगळा एकच गोंगाट. पण लोखंडातून आलेला आवाज वेगळा कळतो. मी दहाबारा वर्षांचा असताना पावसाळ्यात शाळा सुटली की त्यांच्या खोपीत जाऊन बसायचो. काम म्हणजे नट-बोल्ट वाडग्यात मोजून ठेवणं आणि दिवा धरणं. एकदा त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाला लावला. आत जसं काही कुणी बारीक हातोडी मारत होतं. म्हणाले, "आयकलंस? ता बोलता. पण मेल्या, आपण गप ऱ्हवलो तर."

डिझेल इंजिनाची गंमत त्यांनीच मला पहिल्यांदा सांगितली, आणि पुढे शिक्षक झाल्यावर विज्ञानाच्या तासाला मी ती त्यांच्याच शब्दांत सांगत आलो. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलला लागत नाही. सायकलचा पंप मारताना नळी तापते ना, तसं सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती आपणच तापून लाल व्हावी. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो पेटलाच. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्ये असं इंजिन नीट चालवून दाखवलं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली, आणि तीच जात पुढे देशभर विहिरींवर, पिठाच्या गिरणीत आणि होडीतही पोचली. म्हणून मेस्त्री दर्यावरचे असूनही त्यांना घाटीच्या बाजूचे शेतकरी ओळखत. विहिरीवरचा पंप बैलगाडीत घालून, नंतर टेम्पोत घालून लोक त्यांच्याकडे आणायचे.

सुरुवातीच्या एका सिलिंडरच्या मशीनना बॅटरी-स्टार्टर नसे. वरची दट्ट्याची कळ उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल घालून जड चाक गरागरा फिरवायचं, वेग आला की कळ पाडायची. मशीन धडधडून उठायचं. कधी चाक उलटा झटका द्यायचं, आणि मनगट मोडायचं. मेस्त्र्यांचा पहिला नियम हाच, हँडलवर अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. झटका आला तर हँडल हातातून सुटून जाईल, हात मोडणार नाही. हा नियम त्यांनी किती जणांचे हात वाचवून शिकवला, कुणी मोजलं नाही.

दुसरी शिकवण धुराची. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. हवा कमी पडतेय, नाहीतर होडीवर ओझं जास्त झालंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा म्हणजे कुठून तरी पाणी शिरलं, नाहीतर डिझेल न पेटताच बाहेर पडतंय. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून, बंदरात शिरणाऱ्या होडीचा धूर बघून ते म्हणायचे, "ह्यो उद्या सकाळी माझ्याकडे येतलो." आणि तो यायचाच.

बाहेर समुद्रात सगळ्यात जास्त छळतं ते डिझेलमधलं पाणी आणि नळीत शिरलेली हवा. मेस्त्र्यांनी प्रत्येक होडीवरच्या एका तरी खलाशाला नळीतली हवा काढायला शिकवलं. पाना कुठे लावायचा, नट किती आटे सोडायचा, फेस येणं बंद होऊन सलग डिझेल आलं की परत कसा आवळायचा. त्यांच्या घरच्यांना हे आवडत नसे. काकी म्हणायच्या, "सगळ्यांका शिकवलास तर तुमच्याकडे कोण येतलो?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझ्याकडे येवंक आधी तो जितो परत येवंक व्हयो."

आता वहीबद्दल.

मेस्त्री गेल्यावर त्यांच्या मुलाने लाल कापडी बांधणीच्या दोन लांब वह्या माझ्याकडे आणून दिल्या. तो पुण्याला नोकरी करतो. म्हणाला, "सर, ह्या उधारीच्या असतील तर बघा. कुणाकडे मागायचं नाही असं आई म्हणतेय, पण बघा." मी वाचल्या. उधारी त्यांत होती, पण शेवटच्या एका बारीक रकान्यात, तीही बऱ्याच ठिकाणी कोरी. बाकीची पानं वेगळीच होती. प्रत्येक पानावर रेघा मारून पाच रकाने. पहिल्यात तिथी, दुसऱ्यात होडी, तिसऱ्यात मशीन, चौथ्यात 'रोग' आणि पाचव्यात 'औषध'. चौथी शिकलेल्या माणसाचं ठसठशीत, उभं अक्षर. रोगाखाली 'गॅस्केट गेली', 'नोझल ठिबकता', 'शाफ्ट वाकलो, पंख्यात जाळा'. औषधाखाली काय केलं, कुठल्या मापाचा भाग घातला, तो कुठून आणला. सुटा भाग मिळाला नाही तर काय जुगाड केला, तेही.

मी पेशाने प्राथमिक शिक्षक. आमच्या किनाऱ्याच्या मासेमारीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही म्हणून मी नेहमी हळहळायचो. तो या रकान्यांत निमूट पडलेला होता. सुरुवातीच्या पानांवर सगळी एका सिलिंडरची मशीनं, किर्लोस्कर, रस्टन. मग दोन सिलिंडरची. मग ट्रकची लेलँड इंजिनं समुद्राच्या कामाची करून होडीत बसलेली दिसतात, ती सहा सिलिंडरची. होडीच्या रकान्यात 'ट्रॉलर' हा शब्द वाढत जातो आणि गावांची नावं लांबची होत जातात, देवगड, वेंगुर्ला, कधी रत्नागिरी. एकच मशीन वहीत तीन-चार मालकांच्या नावावर सापडतं. एका होडीतून काढून दुसरीत, तिथून तिसरीत. पुढे दुसऱ्या वहीत यामाहा, सुझुकी अशी होडीच्या मागे लावायची हलकी मशीनं. आणि शेवटी शेवटी होडीच्या रकान्यात 'किल्ल्याची', 'स्कुबाची' असं लिहिलेलं. मासे गेले कुठे, हे त्या एका रकान्यावरून कळतं.

हा बदल काही शांतपणे झाला नाही. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. किनाऱ्यालगतचं पाणी लहान मच्छीमारांसाठी राखायचं आणि मोठ्या यांत्रिक नौकांना बाहेर ठेवायचं, हा त्याचा गाभा. त्याखालच्या आदेशात सहाहून जास्त सिलिंडरचं इंजिन असलेल्या नौकांना २२ किलोमीटरच्या आत मासेमारीची बंदी आली. मेस्त्री यावर हसायचे. म्हणायचे, "कायद्यान पण सिलिंडर मोजूक सुरवात केल्यान." पण रात्री किनाऱ्याजवळ ट्रॉल ओढणाऱ्याचे सिलिंडर मोजायला समुद्रात जाणार कोण?

माझे वडील रापणीचे. रापण म्हणजे गावाचं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडून यायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. ओढायला हात लावेल त्याला वाटा. म्हातारा असो, पोर असो. ट्रॉलचं जाळं तळ खरवडत जातं, त्यात पिल्लंही येतात. रापण ओढावी आणि जाळ्यात कचरा निघावा, असे दिवस आले तेव्हा रापणवाल्यांचा राग ट्रॉलरवर निघाला. समुद्रात होड्या अडवल्या गेल्या, किनाऱ्यावर मोर्चे झाले, केसी झाल्या.

नव्वदच्या दशकातल्या अशाच एका तापलेल्या हिवाळ्यात बाहेरगावचा एक ट्रॉलर खडकांच्या बाहेर गिअर तुटून पडला. वारा उलटा, नांगर धरत नव्हता. वायरलेसवरून निरोप आला तो मेस्त्र्यांना. ते पेटी उचलून निघाले तर वाटेत आमचे रापणीचे लोक उभे. त्यांत माझे वडीलही होते. वडील म्हणाले, "मेस्त्र्यांनू, आज जाव नको. तेंका जरा दर्या दिसांदे." मेस्त्री थांबले. म्हणाले, "भांडान तुमचा खरा आसा. पण मशीन बंद पडलेलो माणूस भांडणात नसता." आणि गेले. पहाटे ट्रॉलर सर्जेकोटला आणून लावला आणि घरी येऊन झोपले.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने गावातल्या कुणी त्यांच्याकडे मशीन नेलं नाही. त्यांच्या खोपीत दिवा लागायचा, पण कुणी जायचं नाही. वडलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी तेव्हा शिक्षक होऊन दुसऱ्या गावी होतो. सुट्टीत आलो की दोन्ही घरांत जायचो. मेस्त्र्यांनी एकदाही माझ्यापाशी वडलांची तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "तुझ्या बापसाचा पोट जळता. माझो हात जळलो. सारख्याच झाला."

वहीत त्या दोन महिन्यांची जागा आहे. त्या रात्रीची नोंद आहे, 'गिअर, दात मोडले', आणि औषधाच्या रकान्यात काय केलं ते. उधारीच्या रकान्यात शून्य. म्हणजे पैसे घेतलेच नव्हते. समुद्रात जाऊन केलेल्या दुरुस्तीचे ते पैसे घेत नसत, हे मला वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं. वडलांनाही नव्हतं. त्यानंतर एकदम दोन महिने कोरे.

अबोला सुटला तो कसा, हेही सांगायला हवं. काही वर्षांनी रापणीच्या होडीला मागून लावायचं मशीन घ्यायचं ठरलं. वल्ही मारायला तरुण पोरं उरली नव्हती; कुणी मुंबईला, कुणी गोव्याला. ज्या रापणवाल्यांनी मशीनच्या नावाने बोटं मोडली, त्यांनीच वर्गणी काढून ते आणलं. महिन्याभरात ते अडखळायला लागलं, आणि माझे वडील ते खांद्यावर घेऊन मेस्त्र्यांच्या खोपीत गेले. मेस्त्र्यांनी वर बघितलं, मशीन बघितलं आणि विचारलं, "गोड्या पाण्यान धुतलांस काय तां रोज?" वडील म्हणाले, "नाय." मेस्त्री म्हणाले, "मगे बसा." बाकी काही बोलणं झालं नाही. काकींनी चहा आणला.

मशीनने काय दिलं आणि काय नेलं, याचा हिशोब मेस्त्र्यांच्या मनात सतत चालायचा. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणावर आलं. आमच्या आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं तेव्हा दर्यात होती, काही परत आलीच नाहीत. त्या रात्री ज्यांची मशीनं चालत राहिली ते पुष्कळजण किनाऱ्याला लागले. मेस्त्री रात्रभर धक्क्यावर उभे होते, येणाऱ्या प्रत्येक होडीचा आवाज ओळखत. दुसऱ्या बाजूने तेच म्हणायचे, "मशीनान दर्या जवळ हाडलो, पण मासो लांब गेलो." वादळात मशीन देव वाटतं, एरवी त्याच्याच जोरावर दर्या ओरबाडला जातो. दोन्ही खरं, आणि दोन्ही त्यांच्या हातून गेलेलं.

म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक रेघ ओढली होती. पर्ससीनचा वाद पेटला, ५ फेब्रुवारी २०१६ ला सरकारने त्या जाळ्यांवर हंगामाची आणि क्षेत्राची बंधनं घातली. नंतर दिव्यांची मासेमारी आली. होडीवर मोठा जनरेटर ठेवायचा, एलईडीचे दिवे पाण्यावर सोडायचे, उजेडाला मासे गोळा झाले की लहान-मोठे सगळे उपसायचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसायचाच. एकजण मेस्त्र्यांकडे असा जनरेटर बसवून द्या म्हणून आला. मागाल ते देतो म्हणाला. मेस्त्री म्हणाले, "उजेडच व्हयो तर घराक वायरिंग करून घी." आणि परत कामाला लागले. जो माणूस ट्रॉलरच्या मदतीला रात्री धावला, तोच इथे जागचा हलला नाही. काहींना यात विसंगती वाटली. मला वाटत नाही. बुडणाऱ्याला काढणं वेगळं आणि बुडवायला मदत करणं वेगळं, एवढाच तो फरक होता.

त्यांच्या हाताखाली बरीच पोरं शिकली. त्यांत एक मुंबईचा गिरणीतला फिटर होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वर्षभर वाट बघून तो गावी परतला. मागाचं यंत्र जाणणारा माणूस, महिन्याभरात होडीचं मशीन उघडायला लागला. गिरणी गेल्याचं त्याचं दुःख त्या खोपीत थोडंफार उतरलं असावं. शेवटचा चेला माझ्याच शाळेत शिकलेला, अभ्यासात बेताचा. आज बंदरावर तोच मेस्त्री.

साठीनंतर मेस्त्र्यांना ऐकू कमी येऊ लागलं. आयुष्यभर ज्या आवाजावर पोट भरलं, त्यानेच कान नेले. मग स्क्रू-ड्रायव्हर पेटीत गेला. ते मशीनवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि बोटांनी सांगायचे, दोन नंबर. बहुतेक वेळा दोन नंबरच निघायचा.

त्यांचं शेवटचं मोठं काम तौक्ते वादळातलं. १६ मे २०२१. लॉकडाऊनचे दिवस होते, आणि वारा असा की माड मुळासकट आडवे झाले, घरांची कौलं पानांसारखी उडाली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर होड्या एकमेकींवर चढलेल्या, आणि कितीतरी मशीनं खाऱ्या पाण्याखाली. लोकांनी ती वर काढून उन्हात सुकत ठेवायला सुरुवात केली. कुणालाही तसंच वाटेल, भिजलंय तर सुकवावं. मेस्त्री शहात्तर वर्षांचे, काठी टेकत किनाऱ्यावर आले आणि ओरडले, "सुकवू नका!" खारं पाणी आत आहे तोवर लोखंड तग धरतं, हवा लागली की मीठ आणि गंज मिळून काही तासांत रिंगा सिलिंडरला धरतात. मशीन उघडायला वेळ मिळेपर्यंत ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं. मग उघडायचं, धुवायचं, डिझेल-ऑइल पाजायचं. विहिरीवरची पिंपं, पाण्याच्या टाक्या, लग्नातली मोठी पातेली, जे मिळेल त्यात मशीनं बुडवली गेली. वीज नव्हती, म्हणून विहिरीचं पाणी रहाटाने ओढलं. मेस्त्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कुठलं आधी उघडायचं ते काठीने दाखवत होते. आठ दिवस हे चाललं. त्यातली पुष्कळ मशीनं ऑगस्टात परत दर्यात गेली. नव्या मशीनचं कर्ज ज्यांना झेपलंच नसतं, अशी ती घरं होती.

वहीत त्यांच्या हातची शेवटची नोंद त्याच आठवड्याची आहे. होड्यांची नावं एकाखाली एक, पानभर. 'रोग' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ आणि शब्द एकच, 'दर्या'. 'औषध' या रकान्यात तशीच रेघ आणि 'गोडा पाणी'. अक्षर हललेलं आहे.

आता नवी मशीनं येतायत ती संगणकावर चालणारी. बिघाड झाला की कंपनीचा माणूस लॅपटॉप लावतो, आकडा वाचतो आणि अख्खा भाग बदलतो. ते वाईट नाही. धूर कमी, डिझेल कमी. पण कंपनीचा माणूस दूर शहरातून यायचा, आणि वारा त्याची वाट बघत थांबत नाही. खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात पोरांना नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात, त्यात आमच्या गावची पोरं जावीत म्हणून मी घरोघर सांगत असतो. कुणी जातं, कुणी स्कुबाच्या होडीवर लागतं. तिथेही मशीन असतंच.

वह्या मी ठेवून घेतलेल्या नाहीत. पानांचे फोटो काढून घेतले आणि गणपतीनंतर दोन्ही वह्या मेस्त्र्यांच्या शेवटच्या चेल्याला दिल्या. मेस्त्र्यांच्या मुलाचीही तीच इच्छा होती. उधारीच्या रकान्यावर काकींनी सांगितल्याप्रमाणे काट मारली. चेल्याने वही हातात घेतली आणि आधी मागची पानं चाळली. पहिल्या वहीत मेस्त्र्यांनी बसवलेलं एक जुनं रस्टन आमच्या किनाऱ्यावर अजून चालतंय, तिसऱ्या मालकाकडे. त्याच्या बुशचं माप कंपनीच्या पुस्तकात सापडत नव्हतं. ते त्याला १९७८ च्या पानावर सापडलं. त्याने खिशातून पेन काढलं आणि दुसऱ्या वहीतल्या कोऱ्या पानावर पाच रकाने आखायला घेतले.